सहा जण, सहा आवडी, एक खोली: स्पीकर आणि पहिले सहा अल्बम सुचवा (एकूण बजेट ₹९,०००)

मंजिरी_निगडी · ३ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती.

आमच्या सोसायटीत (निगडी प्राधिकरण) सहा जणांचा गट जमलाय. सगळ्यांना गाणी ऐकायची आवड, पण प्रत्येकाची आवड दुसऱ्यापासून चार कोस लांब. टेबल टेनिसची खोली महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ आम्हाला मिळते. खोली साधारण १२ बाय १८ फूट, फरशी, एका बाजूला सरकत्या काचा.

आवडी अशा. मी (वय ४४): द स्मिथ्स, द स्ट्रोक्स, एकंदर गिटारवाले इंडी बँड. माझे दीर (५२): पिंक फ्लॉइड, आणि त्यानंतर काही ऐकण्यासारखं झालंच नाही असं ठाम मत. शेजारचा अथर्व (२३): पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, प्रतीक कुहाड. माझी शाळेतली मैत्रीण: शब्द कळले नाहीत तर गाणं मनात उतरत नाही, म्हणून मराठी किंवा हिंदीच. वरच्या मजल्यावरचे सर (७१, निवृत्त, इंग्रजी शिकवायचे): आयुष्यभर नाट्यसंगीत. आणि सरांची सून: मेटल, त्यातही आयर्न मेडन.

दोन बैठका झाल्या, दोन्ही फसल्या. प्रत्येकी दोन गाणी असं ठरवलं होतं. झालं काय, की ज्याची पाळी नाही तो चहा गाळायला उठतो, नाहीतर फोन काढतो. शिवाय अथर्वचा छोटा ब्लूटूथ स्पीकर खोलीच्या मध्यावर ठेवला की काचा थरथरतात आणि आवाज गढूळ होतो.

आता नियम बदललाय. महिन्याला एकच अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी उठायचं नाही, फोन बाहेरच्या टेबलावर. बोलायचं ते नंतर.

हवंय ते हे: (१) ₹९,००० च्या आत आवाजाची सोय. प्रत्येकी दीड हजार काढलेत, त्यापलीकडे कोणालाही जमणार नाही. (२) पहिले सहा अल्बम कोणते आणि कोणत्या क्रमाने?

धोबीतलाव · ३ जून, रात्री ९:५५

मंजिरीताई, उपक्रम छान. सुरुवात रॉक मशीनपासून करा. १९८४ ला मुंबईत सुरू झालेला बँड, १९८८ ला पहिला अल्बम, १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड. स्वतःची इंग्रजी गाणी लिहून ती आपल्या पोरांच्या तोंडी बसवणारे हे. मी त्यांना रंगभवनात ऐकलंय, इंडिपेंडन्स रॉकच्या सुरुवातीच्या वर्षांत. तो महोत्सव १९८६ ला सुरू झाला. रंगभवन म्हणजे झेवियर्स कॉलेजला लागून, उघड्यावर, दगडी पायऱ्या. पावसाळा संपता संपता ओल्या पायऱ्यांवर बसून ऐकलेला बास अजून पाठीच्या कण्यात आहे. २००३ ला शांतता क्षेत्र म्हणून रंगभवन बंद पडलं आणि मुंबईच्या रॉकचं घरच गेलं.

स्पीकरसाठी ₹९,००० मध्ये काही येत नाही. निदान ₹३५,००० धरा. माझ्याकडे अँप्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे आहेत, १९ वर्षं झाली, एकदाही उघडावे लागले नाहीत.

वाफाळता_चहा · ३ जून, रात्री १०:२०

आम्ही गेल्या गणपतीत चाकं असलेला मोठा पार्टी स्पीकर घेतला. ₹१४,५०० ला पडला. दिवे पण लागतात, माइक पण येतो. अख्खी बिल्डिंग खूश. तोच घ्या, बाकी विचार करू नका.

मंजिरी_निगडी · ३ जून, रात्री १०:३१

धोबीतलाव काका, रंगभवनाची आठवण वाचून छान वाटलं. मी तेव्हा साताऱ्यात शाळेत होते, त्यामुळे हे सगळं फक्त ऐकून माहीत. पण बजेट खरंच ₹९,००० आहे.

चहा, दिवे नकोत. :) आम्हाला नाचायचं नाही, बसून ऐकायचंय.

न्यूजर्सीचा_नाना · ४ जून, सकाळी ६:०२

अल्बम ऐकायचा तर एलपीवरच. मोबाइलवर ऐकणं म्हणजे अल्बम ऐकणं नव्हेच. तबकडी उलटायला उठावं लागतं, त्यात एक शिस्त आहे. माझ्याकडे ६४० रेकॉर्ड आहेत, टर्नटेबल ७०० डॉलरचं. तुम्ही सुरुवातीला ₹२५,००० पर्यंतचं बघा, पण ती पेटीसारखी मिळणारी स्वस्त टर्नटेबलं घेऊ नका. त्यातली सुई जड बसते, रेकॉर्ड खराब होतात.

पहिला अल्बम: रेडिओहेड, १९९७ चा ओके कॉम्प्युटर. दुसरा: किड ए, २०००. एवढे दोन झाले की बाकीच्यांचं काय करायचं ते आपोआप कळेल.

सोल्डर_गन · ४ जून, सकाळी ८:१५

ताई, एक प्रश्न. सहा घरांपैकी कोणाच्या माळ्यावर जुनी म्युझिक सिस्टिम पडली आहे का? नव्वदीत यायची ती, दोन कॅसेटवाली, स्पीकर वेगळे असलेली. असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाका. नवीन काही घ्यायच्या आधी हे बघा.

केतकी_एफसीरोड · ४ जून, सकाळी ९:४०

अथर्वच्या बाजूने मी. पीटर कॅटचा २०१९ चा बिस्मिल्लाह लावा. दिल्लीचा बँड आहे, पण ऐकताना वाटतं एखाद्या जुन्या हॉटेलात लग्नाचा बँड आणि कॅबरे एकाच वेळी चाललंय, आणि गाणारा जुन्या काळच्या गायकांसारखा संथ, खोल आवाजात गातोय. नाट्यसंगीत ऐकणाऱ्या सरांना यातलं नाटक आवडेल असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातच राहता तर इझी वाँडरलिंग्ज पण घ्या. आपल्या गावचा बँड, २०१७ चा पहिला अल्बम. अगदी हलका हात, बासरी-व्हायोलिन. कोणाचंही डोकं दुखणार नाही.

बंगळूरमराठी · ४ जून, सकाळी १०:०५

दिरांना माझा नमस्कार सांगा. १९७३ चा डार्क साइड ऑफ द मून, ४३ मिनिटं, मध्ये कुठे तुटत नाही. अख्खा अल्बम ऐकायचा म्हणजे काय, हे शिकवणारा यापेक्षा चांगला अल्बम नाही. २००२ ला रॉजर वॉटर्स इथे पॅलेस ग्राउंडवर आले तेव्हा मी सर्वांत मागच्या तिकिटावर होतो, तरी रडलो.

१९७५ चा विश यू वर हिअर पण ठेवा. सिड बॅरेट १९६८ लाच बँडमधून बाहेर पडलेला, अल्बम बराचसा त्याच्यावर आहे, आणि तो चालू असताना तो स्वतः स्टुडिओत येऊन बसला. जाड झालेला, भुवया काढलेल्या. जुन्या मित्रांनी ओळखलंच नाही. ही गोष्ट सांगून मग लावा, खोली गप्प होते की नाही बघा.

मिरजेची_तार · ४ जून, सकाळी ११:३०

सगळे इंग्रजी सांगताहेत. ताईंच्या मैत्रिणीचं काय? तिला शब्द हवेत. मी तिच्या बाजूने.

इंडियन ओशनचा कांदिसा, २०००. सहाही जणांना चालेल असा हा एकच अल्बम मला माहीत आहे. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. नर्मदेच्या काठचं मा रेवा आहे, आणि शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामाइक प्रार्थना. ज्यांना शब्द हवेत त्यांनाही तिथे शब्द कळत नाहीत, तरी अंगावर काटा येतो. असीम २००९ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्यानंतर मी तो बँड दोनदा ऐकला, चांगला होता, पण तो आवाज नव्हता.

ठाण्याचा_बेस · ४ जून, दुपारी १:१०

कांदिसा +१. इंडियन ओशनने सुरुवात करा, सगळ्यांना चालेल. शिवाय राहुल राम नुसते बेस वाजवत नाहीत, कॉर्नेलची डॉक्टरेट आहे आणि नर्मदा आंदोलनात होते. मा रेवा तिथूनच आलंय.

आळंदीरोड · ४ जून, दुपारी २:४५

मराठी म्हणताय तर अभंग रिपोस्ट ऐका. मुंबईची पोरं आहेत, अभंग गिटार-ड्रमवर गातात. माझ्या मुलाने ऐकवलं. मला स्पष्ट सांगायचं तर पटलं नाही. अभंगाला टाळ-मृदंग आणि चालणारे पाय लागतात. तरी मैत्रिणीला मराठी शब्द हवेत म्हणून सुचवतोय.

केतकी_एफसीरोड · ४ जून, दुपारी ३:०२

आळंदीरोड काका, न पटण्याचं कारण कळलं नाही. त्यांच्यामुळे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तुकारामांचा अभंग आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकला. शब्द बदललेले नाहीत, चाल बदलली. चाली तर कायम बदलत आल्यात. नाट्यसंगीताच्या गायकांनी गायलेले अभंग दिंडीतल्या चालीवर कुठे आहेत?

आळंदीरोड · ४ जून, दुपारी ३:४०

मुद्दा मान्य. पण मी दहा वर्षं वारी चाललोय आणि ज्ञानबा-तुकाराम म्हणताना जी लय पायातून येते ती ड्रममधून आलेली मला नाही चालत. तुमचा अनुभव वेगळा असेल. मुलाशीही हेच भांडण होतं.

मिरजेची_तार · ४ जून, दुपारी ४:१५

माझं दुःख वेगळंच आहे. बंगालीत महीनेर घोडागुली १९७५ लाच उभे राहिले, नंतर चंद्रबिंदू, फॉसिल्स. मल्याळममध्ये अवियलचा २००८ चा अल्बम. आपल्याकडे मराठीत गिटार घेऊन स्वतःचं काही लिहिणारी पोरं आहेत, पण दोन-तीन गाण्यांवर थांबतात. अख्खा मराठी रॉक अल्बम, जो मी कोणाच्याही हातात ठेवू शकेन, असा मी वीस वर्षं शोधतोय. कोणाकडे असेल तर सांगा, आजच्या आज ऐकतो.

न्यूजर्सीचा_नाना · ४ जून, रात्री ८:३०

विषय इंडीचा चाललाय आणि लोक फ्लॉइड सांगताहेत. फ्लॉइड इंडी नव्हे. इंडी म्हणजे स्वतंत्र कंपनीतून निघालेलं. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९८० पासून वेगळी यादीच निघायची, रेकॉर्ड कोणत्या मार्गाने दुकानात पोचली त्यावर ठरायचं. स्मिथ्स रफ ट्रेड या स्वतंत्र कंपनीचे, म्हणून इंडी. स्ट्रोक्स अमेरिकेत मोठ्या कंपनीचे, म्हणून तिथे नाही.

केतकी_एफसीरोड · ४ जून, रात्री ८:४४

मग नाना, रेडिओहेडही नाहीत. ओके कॉम्प्युटर आणि किड ए दोन्ही मोठ्या कंपनीचे. २००७ ला त्यांनी इन रेनबोज स्वतः बाहेर काढला, ऐकणाऱ्याने ठरवेल ती किंमत, तेव्हा कुठे ते तुमच्या व्याख्येत बसतात.

न्यूजर्सीचा_नाना · ४ जून, रात्री ९:१०

बरोबर. म्हणून इन रेनबोज पण घ्या.

मंजिरी_निगडी · ४ जून, रात्री १०:००

सोल्डर_गन, दिरांच्या माळ्यावर खरंच सिस्टिम निघाली! १९९६ ला घेतलेली, दोन कॅसेटची, लाकडी खोक्याचे दोन स्पीकर. कॅसेट फिरत नाही, बाकी दिवा लागतो. मागे दोन गोल खाचा आहेत, लाल आणि पांढरी, वर ऑक्स लिहिलंय. शेजारी अजून तशाच दोन आहेत, तिथे फोनो लिहिलंय. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर येते. डाव्या स्पीकरची जाळी काढली तर आतल्या गोलाच्या कडेचा स्पंज हातात भुगा होऊन आला.

सोल्डर_गन · ४ जून, रात्री १०:२५

ताई, तुमचं निम्म्याहून जास्त काम झालं.

ऑक्सच्या खाचा चालू असतील तर फोन किंवा लॅपटॉप थेट जोडता येतो. एक टोक हेडफोनच्या पिनचं, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी वायर पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळते. मी गेल्या महिन्यात ₹१८० ला घेतली. फोनोमध्ये मात्र चुकूनही लावू नका, ती खाच टर्नटेबलच्या बारीक सिग्नलसाठी असते. फोन लावला तर आवाज फाटतो.

खरखर: बटणाच्या आतल्या पट्टीवर धूळ आणि गंज बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवायचं. प्लग काढून, आणि सुकेपर्यंत लावायचा नाही.

स्पंज: त्याला सराउंड म्हणतात. फोमचा असेल तर वीस-पंचवीस वर्षांत आपोआप भुगा होतो, रबराचा टिकतो. स्पीकर फेकू नका, नवीन कडा चिकटवून देणारे कारागीर आहेत. दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलून घ्या, नाहीतर डावं-उजवं सारखं वाजणार नाही.

कॅसेट फिरत नाही म्हणजे बेल्ट गेला. रबर वितळून डांबरासारखं चिकटलं असेल. कॅसेट ऐकायची नसेल तर सध्या राहू दे, ऑक्सला त्याची गरज नाही.

खोलीत: स्पीकर भिंतीला चिकटवू नका, हात-दीड हात पुढे. जमिनीवर नको, कानाच्या उंचीवर, टेबलावर चालतील. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा. काचांवर जाड पडदा किंवा सतरंजी. फरशीवरही सतरंजी. गढूळपणाचा निम्मा दोष खोलीचा होता, स्पीकरचा नव्हे.

वाफाळता_चहा · ४ जून, रात्री १०:४०

जुन्या सिस्टिममध्ये पैसे घालू नका. मी २०१९ ला दुरुस्तीला दिली, दुकानदाराने तीन महिने ठेवून ₹२,२०० घेतले आणि आठ दिवसांत परत बंद. तेव्हाच ठरवलं, आता नवीनच. पार्टी स्पीकर घ्या.

धोबीतलाव · ५ जून, सकाळी ७:५०

सोल्डर_गन यांच्याशी सहमत. मी पण हेच सांगणार होतो. जुने स्पीकर फेकू नका, फोमची कड बदलता येते.

अवांतर: कॅसेट चालू करून घ्याच. माझ्याकडे रिदम हाऊसमधून घेतलेल्या दोनशे कॅसेट आहेत, अजून वाजतात. काळा घोड्याला गेलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. २०१६ ला ते बंद झालं. त्यानंतर मी विकत घेऊन संगीत ऐकलेलं नाही.

पाचगणीकर · ५ जून, सकाळी ९:१५

क्वीन कोणीच कसं सांगितलं नाही? त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. पहिला बँड, द हेक्टिक्स, तिथेच केला. सातारा जिल्ह्यातून गेलेला माणूस जगभर गाजला आणि सातारच्या ताई स्मिथ्स ऐकतात!

सांगली_मॅंचेस्टर · ५ जून, दुपारी ४:२०

मग सांगलीचंही सांगते. आशाताईंचा जन्म सांगलीचा, १९३३. त्यांच्यावर ब्रिटनमधल्या कॉर्नरशॉप या इंडी बँडने गाणं केलं, ब्रिमफुल ऑफ आशा. १९९७ चा अल्बम. त्याचं रीमिक्स फेब्रुवारी १९९८ ला इथे पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच अल्बममध्ये बीटल्सचं नॉर्वेजियन वुड पंजाबीत गायलंय. मी इथे नवीन आले तेव्हा ऑफिसमध्ये एकाने विचारलं, ही आशा कोण? मी त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत होते. तुमच्या मैत्रिणीला आणि तुम्हाला एकाच वेळी चालेल असा हा अल्बम आहे, शब्द इंग्रजी असले तरी.

बंगळूरमराठी · ५ जून, सायंकाळी ६:००

एक काळजीने सांगतो. मेटल शेवटच्या महिन्यात ठेवा. पहिल्या बैठकीत लावलं तर ७१ वर्षांचे सर पुन्हा येणार नाहीत. मला मेटल वर्ज्य नाही, पण अर्धा तास आरडाओरडा सहन करायला आधी गट घट्ट व्हावा लागतो.

ठाण्याचा_बेस · ५ जून, सायंकाळी ६:२०

+१. मेटल शेवटी. सुरुवात कांदिसाने.

मिरजेची_तार · ५ जून, सायंकाळी ६:२५

+१. कांदिसा, मग बाकी.

फेब्रुवारी_२००८ · ५ जून, रात्री ९:३०

एरवी मी इथे लिहीत नाही, पण आरडाओरडा हा शब्द वाचून राहवलं नाही.

माझं नाव ज्या तारखेवरून आहे ती सांगतो. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुल, आयर्न मेडनच्या त्या जगदौऱ्याची पहिली मैफल. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवतात, त्या दौऱ्यात अख्खा बँड बोइंगमधून घेऊन फिरत होते. रंगमंच सगळा इजिप्तचा, पॉवरस्लेव्ह या १९८४ च्या अल्बमचा. मी नाशिकहून एसटीने आलो होतो, परत जायला पैसे नव्हते, ठाणे स्टेशनवर झोपलो.

त्या अल्बमचं शेवटचं गाणं तेरा मिनिटांहून मोठं आहे. ते कोलरिजच्या १७९८ च्या एन्शंट मरिनर या कवितेवर आहे. नुसती कल्पना उचललेली नाही. मूळ कवितेच्या ओळी दोन ठिकाणी जशाच्या तशा येतात. मध्ये सगळं थांबतं, फक्त जहाजाच्या लाकडाची करकर आणि बेस, आणि कवितेच्या ओळी बोललेल्या. त्या रात्री हजारो पोरं तिथे गप्प उभी होती. ओरडणारा बँड हे नाही करत.

ताई, तुमचे सर इंग्रजी शिकवायचे असं तुम्ही लिहिलंय. बाकी अल्बम राहू दे, शेवटच्या बैठकीत एवढं एक गाणं तरी लावा.

केतकी_एफसीरोड · ५ जून, रात्री ९:५०

हे मला माहीत नव्हतं. आत्ता ऐकते.

न्यूजर्सीचा_नाना · ६ जून, सकाळी ५:४०

मेटल इंडी नव्हे.

आळंदीरोड · ६ जून, सकाळी ८:१०

रेडिओहेडचं नाव वर आलं म्हणून सांगतो. त्यांच्या जॉनी ग्रीनवुडने राजस्थानी कलाकारांबरोबर जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात जुनून नावाचा अल्बम केला, २०१५. मांगणियार, कव्वाल आणि लग्नाचा ब्रास बँड एकत्र. मुलाने ऐकवलेल्यातलं हे मात्र मला फार आवडलं. किल्ल्यातली कबुतरं उडतात तशी हवा त्यात आहे. सरांना आणि अथर्वला एकाच वेळी द्यायचं असेल तर हे द्या.

मंजिरी_निगडी · ६ जून, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. सिस्टिम दुरुस्तीला दिली. ठरलं की कळवते. एकच विचारते, फोनवरून लावताना गाण्यांच्या मध्ये जाहिरात येते आणि फ्लॉइडची गाणी एकमेकांत वाहतात तिथे क्षणभर तुटतं. यावर उपाय?

सोल्डर_गन · ६ जून, रात्री ९:४५

जाहिरातीसाठी एक महिन्याचं वर्गणीचं खातं सहा जणांत एकच पुरे, अल्बम आधीच उतरवून ठेवा म्हणजे नेट गेलं तरी चिंता नाही. सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद आणि गॅपलेस (मध्ये खंड न ठेवणं) चालू करा, मग जोड तुटत नाही. फोन विमान मोडवर. लॅपटॉप वापरलात आणि स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर त्याचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा आवाज तिथूनच येतो.

आणि दहाच्या आत बंद करा. नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्यावर भोंगा चालत नाही, बंद खोलीला तो लागू नसला तरी शेजाऱ्यांची झोप सगळ्यांना लागू.

वाफाळता_चहा · ६ जून, रात्री १०:०५

दुरुस्तीला दिलीत? बघा, तीन महिने जाणार.

मंजिरी_निगडी · २९ जून, रात्री ११:१५

काल बैठक झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही इतका वेळ दिलात.

सिस्टिम अकरा दिवसांत परत मिळाली. दोन्ही स्पीकरच्या कडा ₹१,४००, बटण सफाई ₹२००, वायर ₹२२०. धोबीतलाव काकांचं ऐकून कॅसेटचा बेल्टही बदलला, ₹४५०. एकूण ₹२,२७०. सतरंज्या घरच्या. दीर म्हणाले, या स्पीकरमधून एवढा बास येतो हे मला १९९६ लाही माहीत नव्हतं, कारण तेव्हा ते कपाटावर भिंतीला चिकटून होते.

आता अल्बमचं. जवळजवळ सगळ्यांनी कांदिसापासून सुरू करा म्हटलं आणि मेटल शेवटी. मी दोन रात्री विचार केला. सगळ्यांना चालेल तेच पहिलं लावलं असतं तर मागच्या दोन बैठकांत जे झालं तेच झालं असतं, प्रत्येकाने मान डोलावली असती आणि चहाला उठला असता. आणि दोन्ही बैठकांत सरांच्या सुनेची पाळी सर्वांत शेवटी आली होती, एकदा तर वेळ संपली म्हणून तिची गाणी लागलीच नाहीत. तिने तक्रार केली नाही. ते मला टोचत होतं.

म्हणून पहिला अल्बम पॉवरस्लेव्ह. अख्खा, ५१ मिनिटं.

पहिली वीस मिनिटं अवघड गेली, हे खरं सांगते. माझी मैत्रीण तिसऱ्या गाण्याला उठून गेली, डोकं दुखलं म्हणून, आणि ती परत आली नाही. पुढच्या महिन्याचं तिला विचारायला मी उद्या घरी जाणार आहे. दीर हाताची घडी घालून बसले. अथर्व डोळे मिटून ऐकत होता. सर खिडकीकडे बघत होते.

शेवटच्या गाण्याआधी सुनेने सरांच्या हातात एक वही दिली. तिने गाण्याचे शब्द हाताने लिहून आणले होते, मोठ्या अक्षरात, कारण सरांना बारीक दिसत नाही. कविता त्यांचीच, वर्गात शिकवलेली, हे तिने त्यांना आधी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सरांनी चष्मा बदलला. पाण्याच्या ओळी आल्या तेव्हा त्यांनी वहीवरून बोट उचललं. त्यांना वही लागतच नव्हती. पुढे तो शांत भाग आला, आणि सर बँडबरोबर बोलले. हळू, पण पूर्ण. एक शब्द चुकला नाही.

गाणं संपल्यावर ते पंधरा मिनिटं सुनेला सांगत होते की गाण्यात कवितेतला लग्नाचा पाहुणा सुरुवातीला आणि शेवटी ठेवलाय, पण साधूचं पात्र फार लवकर आटोपलं. ती वाद घालत होती की तेरा मिनिटांत अजून काय करणार. सात वर्षं एका घरात राहून त्यांनी यावर कधी बोललं नव्हतं असं ती जिन्यात म्हणाली.

दिरांचं मत बदललेलं नाही. पण ड्रमवाला तालाला पक्का आहे एवढं कबूल केलं.

पुढचा महिना मैत्रिणीचा, ती म्हणेल तो. मी तिला कांदिसा आणि अभंग रिपोस्ट दोन्ही सांगणार आहे. नंतर अथर्वचा बिस्मिल्लाह. दिरांचा अल्बम पावसाळा संपल्यावर, काचा उघड्या ठेवता येतील तेव्हा. उरलेले ₹६,७३० हिवाळ्यात पुण्यात काही चांगलं लागलं तर तिकिटांना ठेवलेत.

फेब्रुवारी_२००८, तुम्हाला खास नमस्कार. सुनेने विचारलंय, तुम्ही ठाणे स्टेशनवर कोणत्या फलाटावर झोपला होतात? ती पण त्याच मैफलीला होती.

फेब्रुवारी_२००८ · २९ जून, रात्री ११:४०

दोन नंबर. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. सरांना माझा नमस्कार सांगा.

ठाण्याचा_बेस · ३० जून, सकाळी ८:००

तरी कांदिसाने सुरुवात केली असती तर मैत्रीण उठून गेली नसती.

मंजिरी_निगडी · ३० जून, सकाळी ८:२५

कदाचित. ते मला मान्य आहे.

न्यूजर्सीचा_नाना · ३० जून, सायंकाळी ५:१०

पॉवरस्लेव्ह एलपीवर ऐकलात तर तेरा मिनिटांचं गाणं दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे. माझ्याकडे आहे. डिसेंबरात पुण्यात येतोय, सिस्टिमला फोनोची खाच आहेच, टर्नटेबल कोणाकडे असेल तर रेकॉर्ड घेऊन येतो.

धोबीतलाव · ३० जून, रात्री ९:०५

बेल्ट बदलून घेतलात, फार बरं वाटलं. कारागीर कुठे बसतो ते सांगाल का? माझा दुसरा डेक गेली चार वर्षं बंद आहे.

मंजिरी_निगडी · ३० जून, रात्री ९:३०

काका, व्यक्तिगत निरोपात पत्ता टाकलाय. सोमवारी बंद असतो. जुना बेल्ट फेकू नका, मापाला लागतो.